कर्णिक बाईंचं रिटर्न

आमच्या कर्णिक बाईंनी कधी कुणाच्या माऊसला हात लावला नाही. समोरची रडकुंडीला येवो, स्क्रीन गोठो, तासभर भरलेलं सगळं क्षणात पुसलं जावो, बाई हाताची घडी घालून शेजारी उभ्या. आम्ही गयावया करायचो, "बाई, तेवढं एक बटण तुम्ही दाबा ना!" त्या फूटपट्टीने टेबलावर टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "मी दाबलं तर ते माझं रिटर्न होईल. हात ज्याचा त्याचा."

मी त्यांच्याकडे गेले ती गळ्याशी आलं म्हणून. रिटर्न भरायची हौस कुणाला असते? मला नोकरी लागल्यापासून माझं रिटर्न बाबा भरायचे, डोंबिवलीत बसून. लग्न होऊन मी ठाण्यात वर्तकनगरला आले, घोडबंदर रोडच्या ऑफिसात बढती मिळाली, लेक शाळेत जायला लागली, तरी जुलै उजाडला की बाबांचा फोन ठरलेला, "फॉर्म सोळा पाठव गं." ऑफिसातून मिळालेला तो पगाराचा दाखला मी पाठवायचे. पुढे त्याचं काय होतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि करून घ्यायचंही नव्हतं. मग बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी एका वाक्यात माझं बालपण संपवलं. "यंदापासून तुझं तू बघ."

मी लॅपटॉप उघडून त्या सरकारी पानासमोर बसले. कमावलं ते वर्ष एक आणि भरायचं ते वर्ष वेगळं, असं का, ते विचारायला तिथे कुणी नव्हतं. जुनी करप्रणाली हवी की नवी, असा प्रश्न आला. अहो, मला एकही माहीत नाही, तर मी निवडू कशी? लग्न ठरवताना मला इतकी धडधड झाली नव्हती. नवरा म्हणाला, "सीएला देऊन टाक ना." तो स्वतः तेच करतो आणि वर शहाणपणा शिकवतो. शेवटी शेजारणीने मार्ग दाखवला. "खाली सोसायटीच्या ऑफिसात शनिवारी कर्णिक बाई शिकवतात. फुकट शिकवतात, पण ओरडतात."

सोसायटीचं ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. एका कोपऱ्यात गणपतीचं मखर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, दुसऱ्यात जुना कॉम्प्युटर, आणि मध्ये आम्ही पाच-सहा जणी. बाई उंच, किडकिडीत. इस्त्रीची सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा, हातात लाकडी फूटपट्टी. ठाण्यातल्याच एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला होता. लग्न केलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "कुठली तू?"

"इथलीच. बी विंग."

"ते राहतेस. आहेस कुठली?"

"डोंबिवलीची."

"मग बस, डोंबिवली."

माझं नाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही नाही. त्यांच्या वर्गात माणसांना नावं नव्हतीच, गावं होती. एक कल्याण होती, एक चिपळूण, एक सातारा. आणि एक होती बाळकुम, म्हणजे आमच्या म्हात्रे वहिनी. त्यांची माणसं बाळकुमची जुनी. शेतावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि दोन फ्लॅट वहिनींच्या नावावर झाले. त्यांचं भाडं येई, त्याचं रिटर्न कुणीतरी परस्पर भरी आणि वहिनी फक्त सह्या करीत. "सही करून करून हात दुखला, आता बघू तरी कशावर करतंय," म्हणून त्या वर्गाला यायच्या, दोन्ही हातांत पाटल्या आणि पिशवीत आमच्यासाठी काहीतरी खायला.

बाईंची शिकवायची तऱ्हा भूगोलाच्या तासाची. नवं पान उघडलं की त्या आधी विचारायच्या, "कुठे आहोत आपण?" आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगायचं, "डॅशबोर्डवर, बाई." किंवा "पगाराच्या पानावर, बाई." जागा सांगितल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही. "आधी कुठे आहोत ते बघावं, मग कुठे जायचं ते ठरवावं. माणसं हरवतात ती घाईने." आम्ही चाळिशी गाठलेल्या बाया, पण तिथे सातवी ब होऊन बसायचो.

आणि पासवर्डची वेळ आली की तो सोहळा! बाई हुकूम सोडायच्या, "पासवर्ड! सगळ्यांनी भिंतीकडे." मग जिचा पासवर्ड ती सोडून आम्ही सगळ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायचो, बाईसुद्धा. समोर सोसायटीच्या पाणीकपातीची नोटीस. ती आम्हाला तोंडपाठ झाली होती. एकदा खिडकीतून वॉचमनने ते पाहिलं आणि बिचारा हात जोडून उभा राहिला, त्याला वाटलं आरती चाललीय. म्हात्रे वहिनींची पाळी आली म्हणजे तर भलतीच पंचाईत, कारण त्या एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करायच्या. "यस... ए... आता यन..."

"बाळकुम! तोंडाने नाही, बोटाने!" बाई भिंतीकडे बघतच ओरडायच्या. "गेला तो पासवर्ड. नवीन घे."

"आवो बाई, हाच मोठ्या मुश्किलीनं सुचला होता!"

"माहेरचा दागिना आहे असं समज. सांगत फिरतेस का कपाटाची किल्ली कुठे आहे ते?"

वहिनींना हे पटलं. नंतर त्या ओठ गच्च मिटून टाइप करायच्या आणि अगदी लाल व्हायच्या.

माझं पहिलं रिटर्न मी भरलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. घरी येताना पेढे आणले, डोंबिवलीला फोन लावला, नवऱ्याला दोन शब्द ऐकवले. पुढच्या शनिवारी बाईंपुढे पेढ्यांचा बॉक्स धरला. त्यांनी पेढ्याला हात लावला नाही. विचारलं, "पडताळणी केलीस? ई-व्हेरिफाय?"

"म्हणजे?"

"पेपर लिहिलास आणि बाकावरच ठेवून आलीस की काय, डोंबिवली?"

तसंच झालं होतं. रिटर्न पाठवून भागत नाही, ते आपणच पाठवलंय असं आधारच्या ओटीपीने सांगावं लागतं. मुदतीत नाही सांगितलं तर भरलेलं न भरल्यासारखं. मी तिथेच बसून ते पुरं केलं. मग बाईंनी पेढा उचलला, अर्धा मोडून मला दिला आणि म्हणाल्या, "हं. आता झालं. पावती जपून ठेव."

म्हात्रे वहिनींची तऱ्हा वेगळी. रिटर्न भरल्यावर काही दिवसांनी त्या पळतच आल्या, चप्पल न घालता, फोन पुढे धरून. "बाई, बघा काय आयलाय! सेक्शन लिवलाय, सेक्शन! मी कुनाचा काय केलाय? आमच्या यांना कलला तर घर डोक्यावर घेतील."

बाईंनी चष्मा चढवला, वाचलं, फोन परत दिला. "धाड नाही ही, पोच आहे. तू मांडलेलं गणित आणि त्यांनी मांडलेलं गणित जुळलं, एवढंच म्हणतायत."

"मंग सरल सांगाचा ना! सेक्शन कशाला?"

"सरळ सांगितलं तर मला कोण विचारेल?" बाई म्हणाल्या. त्यांना हसताना आम्ही क्वचित बघितलं, त्यातली ही एक वेळ.

हा वर्ग त्यांनी का काढला, ते एकदा चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचे सगळे व्यवहार मोठा भाऊ बघायचा. "अक्षांश-रेखांश शिकवायची मी पोरांना. भाऊ गेला आणि तेराव्याला कळलं, माझं पॅन कार्ड कुठंय ते मला माहीत नाही. भावाच्या कपाटापुढे बसून रडले. भावासाठी रडतेय असं लोकांना वाटलं. भावासाठी रडायला मला नंतर वेळ मिळाला." त्यानंतर त्या एकट्याने सगळं शिकल्या, चुकत, ओरडून घेत, बँकेच्या खिडक्यांवर उभ्या राहून. त्या भावाचा मुलगा शेखर नाशिकला असतो. तो दर आठवड्याला फोन करायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, आत्या, आता एकटी राहू नकोस, इकडे ये. एकदा भर वर्गात त्याचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावला आणि आमच्या साक्षीने त्याला सांगितलं, "शेखर, ज्या वर्षी माझं रिटर्न मला भरता येणार नाही, त्या वर्षी ये आणि ने मला. मी हूं की चूं करणार नाही. तोवर हा विषय बंद." आम्ही टाळ्या वाजवल्या. आता आठवलं की त्या टाळ्यांची लाज वाटते, पण तेव्हा काय माहीत होतं.

कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. बाई तेच ते दुसऱ्यांदा सांगायला लागल्या. आम्हाला वाटलं, उजळणी घेतायत. म्हात्रे वहिनींना त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" आम्हाला वाटलं, चेष्टा. मग एका शनिवारी त्या फूटपट्टी घेऊन स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या. "कुठे आहोत आपण?"

"डॅशबोर्डवर, बाई," आम्ही कोरसमध्ये.

"कुठे आहोत आपण?"

आम्ही हसून आणखी मोठ्याने सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी त्या स्क्रीनकडे बघत नव्हत्या, मखराकडे बघत होत्या. कुणीच हसलं नाही. म्हात्रे वहिनी उठल्या, त्यांनी बाईंचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "वर्तकनगरला हाव, बाई. आपल्या सोसायटीच्या हापिसात. बसा, पानी देतंय."

बाई बसल्या, पाणी प्यायल्या आणि पुढचा तास अगदी चोख घेतला. तेच तर वाईट होतं. त्या पूर्ण हरवल्या असत्या तर काहीतरी ठरवता आलं असतं.

पुढच्या पावसाळ्याच्या आत गॅस दोनदा उघडा राहिला. एकदा वॉचमनने त्यांना बसस्टॉपवरून परत आणलं. पर्स आणि फूटपट्टी घेऊन त्या शाळेत निघाल्या होत्या. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते सगळ्यांना माहीत असलेलंच नाव. शेखरचे फोन आता मला यायला लागले. मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण चिडण्यासारखं तो काही बोलायचाच नाही. "ताई, मी शब्द दिलाय तिला. यंदाचं रिटर्न तिने भरलं तर मी तिला हलवणार नाही, इथेच पूर्णवेळ बाई ठेवीन. पण मला सांगा, भरेल ती?"

मी म्हटलं, भरतील. दुसरं काय म्हणणार होते?

जुलै संपत आला तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन त्यांच्या घरी गेले. टेबलावर लॅपटॉप उघडा, शेजारी पॅन कार्ड, आधार कार्ड, बँकेचं पासबुक सगळं फूटपट्टीने आखल्यासारखं ओळीत मांडलेलं. बाई पासवर्ड विसरल्या होत्या. आणि त्यांनीच घालून दिलेला नियम असा की तो दुसऱ्या कुणाला माहीत असता कामा नये. त्यामुळे तो जगात कुणालाच माहीत नव्हता. नवीन घ्यायचा तर फोनवर ओटीपी येतो. तो आला. बाईंनी तो वाचला, फोन खाली ठेवला, स्क्रीनकडे वळल्या, आणि तेवढ्या वळण्यात तो गेला. पुन्हा फोन उचलला. अर्धे आकडे टाकले. वेळ संपली. पुन्हा मागवला, पुन्हा तेच. मी त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभी होते, जशी त्यांनी मला उभं राहायला शिकवलं होतं. मला नुसते आकडे मोठ्याने म्हणता आले असते. मी म्हणून बघितलं तर त्या फणकारल्या, "मला वाचता येतं." शेवटी पोर्टलनेच सांगितलं की फार प्रयत्न झाले, थोड्या वेळाने या.

बाई उठून आत गेल्या. मला वाटलं, चहा टाकायला गेल्या, म्हणून गॅसचा आवाज कानात तेल घालून ऐकत राहिले. मी तिथे कशाला उभी होते, कुणाच्या काय उपयोगाची होते, मला कळत नव्हतं.

त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. तोंड धुतलं होतं, साडी नीट केली होती. मला खुर्चीजवळ उभी बघून थबकल्या आणि एकदम जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नवीन का तू? उभी का? बस. कुठली?"

"डोंबिवलीची."

"मग बस, डोंबिवली. घाबरायचं नाही. पहिल्यांदा सगळेच घाबरतात."

मी बसले. दुसरं काय करता येण्यासारखं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही. बाई फूटपट्टी घेऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला पहिल्यापासून शिकवायला घेतलं, एकही पायरी न चुकता. मघाशी सहा आकडे ज्यांच्या हातून निसटत होते त्या बाईंना प्रत्येक पान पाठ होतं. मी ओळीतलं पॅन कार्ड उचललं, नंबर टाकला. ओटीपी त्यांच्याच फोनवर आला, मी टाकला. "आता नवा पासवर्ड," बाई म्हणाल्या, "कुणाला कळता कामा नये. मलासुद्धा." आणि त्या वळून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भिंतीवर ठाणे जिल्ह्याचा जुना नकाशा आहे, पालघर वेगळं होण्याआधीचा. त्याला नाक लावून त्या उभ्या होत्या, आणि मी त्यांच्या पाठीमागे त्यांचाच पासवर्ड तयार करत होते. मला एक अक्षर सुचेना.

"झालं का गं?"

"झालं, बाई."

पुढचं पान उघडलं. वर नाव आलं. बाईंनी चष्मा लावून ते वाचलं. "ही कोण?"

"आमच्या एक बाई आहेत."

त्यांनी पेन्शन बघितलं, बँकेचं व्याज बघितलं. "व्याज लपवलेलं नाही. सरळ दिसते." मग विचार करून म्हणाल्या, "पण ती का नाही भरत?"

"यंदा जरा बरं नाही त्यांना."

"मग तिला शेजारी बसव. असं परस्पर भरायचं नाही, डोंबिवली. शेवटचं बटण तरी तिनेच दाबायला पाहिजे. हात ज्याचा त्याचा."

मी पडताळणीच्या पानापर्यंत पोचले. मग खुर्ची सरकवली, बाईंना शेजारी बसवलं आणि त्यांचा हात धरून माऊसवर ठेवला. वर माझा हात ठेवला, पोरांना पाटीवर गिरवायला शिकवतात तसा. हात थंड होता आणि फार हलका. आम्ही दोघींनी मिळून दाबलं. हिरवी खूण आली.

"जमलं ना?" बाई म्हणाल्या. "आता पुढच्या वर्षी मला विचारायला येऊ नकोस."

घरी येऊन मी खूप रडले. शेखरला पावती पाठवली. त्याचा लगेच फोन आला. "तिने स्वतः भरलं?"

"हात त्यांचाच होता," मी म्हटलं.

मला वकिली करायची तर पुष्कळ करता आली असती, शब्द म्हणजे शब्द असं बजावता आलं असतं. पण त्याच आठवड्यात बाई जिन्यात बसून राहिल्या होत्या, कारण आपलं दार कुठलं ते त्यांना ओळखता येईना. तो म्हणाला, "ताई, मी काय करू, तुम्हीच सांगा." त्याने शब्द पाळून एक बाई ठेवली, तिला बाईंनी चोर समजून घराबाहेर काढलं. दुसरी ठेवली, तिलाही. दसरा झाला आणि तो गाडी घेऊन आला. बाईंनी खरंच हूं की चूं केलं नाही. का केलं नाही, ते विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

निघताना आम्ही सगळ्या त्यांच्या मजल्यावर जमलो होतो. म्हात्रे वहिनींनी डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या. बाईंच्या अंगात चांगली साडी, हातात पर्स. फूटपट्टी शेखरने सामानात टाकली होती. त्या आम्हा प्रत्येकीकडे नम्रपणे बघून मान हलवत होत्या, अनोळखी माणसांत माणूस हलवतो तशी. मला बघूनही तशीच हलवली.

कुलूप लावून झालं. शेखर माझ्याजवळ आला, फोन काढला आणि संकोचून म्हणाला, "ताई, एक राहिलंच. आत्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे ना? पुढच्या वर्षी मला लागेल."

तो हळू आवाजातच बोलला होता. पण बाईंनी ऐकलं. त्यांनी पर्स छातीशी धरली, वळल्या, आणि विजेच्या मीटरच्या भिंतीकडे तोंड करून शिस्तीत उभ्या राहिल्या. एक क्षण कुणाला काही कळेना. मग म्हात्रे वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग कल्याण, चिपळूण, सातारा. त्या सगळ्यांच्या पाठीमागे मी शेखरच्या फोनमध्ये एकेक अक्षर टाइप करायला लागले. एकदा चुकलं, पुसून पुन्हा टाकलं.

"झालं का गं, डोंबिवली?" बाईंनी भिंतीकडे बघतच विचारलं.

शेखरने फोन खिशात ठेवला.

"झालं, बाई," मी म्हटलं, तेव्हा त्या वळल्या.